धाकटे सर

आमच्या संस्थेत एखादी गोष्ट ‘वर कळवली’ की ती झाली असं धरतात. वर म्हणजे नक्की कुठे, हे मला इतकी वर्षं नोकरी करूनही समजलेलं नाही. माझा वर्ग वाचनालयाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर भरतो आणि त्याच्या वर फक्त पाण्याची टाकी आहे. तरीही एका दुपारी संचालिका बाईंनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही इंग्रजी लेखनाच्या वर्गात चॅटबॉट वापरताय, असं मी वर कळवलंय.”

मी एक पायरी खाली उतरलो. कारण मी वापरत नव्हतो.

“कधीपासून वापरतोय मी?” मी चाचरत विचारलं.

“झाले की बरेच दिवस. आणि परिणाम उत्साहवर्धक आहेत.”

म्हणजे परिणाम कळवून झाले होते, आता मागे जाऊन कारण तेवढं घडवायचं राहिलं होतं. मी नाही म्हणणार होतो. त्यासाठी मी तोंडही उघडलं होतं. पण बाई पुढे म्हणाल्या, की पुढच्या वर्षी वरच्या मजल्यावर एकच वर्ग चालेल, एक तर माझा नाही तर कुंडीतल्या बागकामाचा. वरून एक अधिकारी येतील, दोन्ही वर्ग पाहतील आणि ज्यात नवं तंत्र दिसेल तो ठेवतील. तोंड उघडलेलंच होतं, ते वाया जाऊ नये म्हणून मी “वा, छान!” म्हणालो.

हे ‘छान’ घरी नेता येण्यासारखं नव्हतं. घरी मी आधीच सांगून बसलो होतो की माझ्या नोकरीचं नूतनीकरण झालंय. ते दरवर्षी होतं, यंदाही होणारच होतं, मी फक्त जरा आधी बोललो होतो. त्या बातमीच्या जोरावर बायकोने स्वयंपाकघराची जुनी कपाटं काढायला घेतली. फ्रिज हॉलमध्ये आला, डबे फ्रिजवर गेले, आणि सोफ्यावरची माझी नेहमीची जागा कुकरला मिळाली. सुताराचं ड्रिल सुरू झालं की बायकोच्या चेहऱ्यावर नवं स्वयंपाकघर उजळायचं आणि माझ्या डोळ्यांपुढे कुंड्या नाचायच्या. अशा वेळी तिला काय सांगणार? मी ठरवलं, अधिकारी येऊन जाईपर्यंत गप्प बसायचं. वर्ग राहिला की सांगण्यासारखं काही उरणारच नाही.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना मॅनेजरसाहेब म्हणते. निवृत्तीनंतर सह्या करायला काही उरलं नाही, तेव्हापासून ते सल्ले देतात. माझा चेहरा बघून त्यांनी काहीतरी बिनसलंय हे ओळखलं आणि मला दारातच उभं करून सगळं काढून घेतलं. बायकोच्या कानावर घालणार नाही, असं त्यांनी स्वतःहून कबूल केलं.

“चॅटबॉट ना? फार सोपं आहे,” ते म्हणाले. वापरला त्यांनीही नव्हता, पण त्यामुळे त्यांचं मत अधिक स्वच्छ होतं. “पहिली गोष्ट, खातं एकच काढायचं. विद्यार्थ्यागणिक वेगळं कशाला? आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये सगळ्या मजल्यांत मिळून एक पेपर यायचा. कोणाचं काही अडलं नाही.”

“आणि दुसरी?”

“त्याच्यापासून काही लपवायचं नाही. पेशंटने अर्धंच सांगितलं तर डॉक्टर काय करणार? तुमची सगळी परिस्थिती त्याला सांगा. अगदी मोकळेपणाने.”

पुढे जे काही झालं ते या दोन सल्ल्यांमुळे झालं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते तिसरा देतील.

खातं काढणं हे संस्थेत सोपं नसतं. आमचे स्टोअरकीपर अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत, पण विकत घेतलेली वस्तू त्यांना डोळ्यांनी दिसावी लागते. चॅटबॉट त्यांना दिसेना. तो पुस्तकांत बसेना, कारण पानं नाहीत. उपकरणांत बसेना, कारण गॅरंटी कार्ड नाही. शेवटी त्यांनी तो ‘किरकोळ फर्निचर’मध्ये बसवला आणि मग दुसरा प्रश्न निघाला. फर्निचर म्हटलं की त्यावर ऑइलपेंटने नंबर टाकायला हवा.

“कुठे टाकू, तेवढं सांगा,” ते हातात ब्रश घेऊन म्हणाले.

“अहो, तो हवेत असतो.”

“हवेवर रंग बसत नाही, सर. शिवाय ऑडिटला काय दाखवू?”

वर्गातल्या कॉम्प्युटरवर आधीच नंबर होता, फळ्यावर होता, पंख्यावर होता. बिननंबराची अशी एकच वस्तू त्या खोलीत होती, ती म्हणजे माझी घरून आणलेली खुर्ची. चॅटबॉटचा नंबर माझ्या खुर्चीच्या पाठीवर पडला. रंग वाळायच्या आत मी टेकून बसलो, हा माझा दोष, पण तेव्हापासून माझ्या एका सदऱ्यावर किरकोळ फर्निचरचा नंबर उलटा आहे.

माझ्या वर्गात बरीच मंडळी येतात आणि जातात, पण टिकून असलेली तीन. शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. लोकांच्या पँटी आखूड करून करून त्यांना प्रत्येक गोष्ट थोडी लांब वाटते, माझं बोलणंसुद्धा. एक टॅक्सीवाले आहेत, ते परदेशी गिऱ्हाइकांशी वाद घालता यावा म्हणून इंग्रजी शिकतात. आणि एक बेकरीवाले आहेत, त्यांच्या कोपराला कायम पीठ लागलेलं असतं. तिघांनाही कामापुरतं इंग्रजी वाचता येतं. लिहायचं म्हटलं की मात्र पेन खाली ठेवून एकमेकांकडे बघतात. मी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ असं लिहून ठेवलंय. ते इतकं जुनं झालंय की डस्टरसुद्धा त्याला वळसा घालून जातं.

त्याच्या खाली मी आता चॅटबॉटच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड लिहिला. सगळ्यांनी एकच खातं वापरायचं, घरी फोनवरसुद्धा. काही अडलं तर त्याला विचारायचं, असं मी समजावून सांगितलं.

“म्हणजे हे आपले धाकटे सर,” बेकरीवाले म्हणाले.

वर्ग हसला. मीही हसलो, कारण तेव्हा मला वाटलं की धाकटे म्हणजे कमी महत्त्वाचे.

पुढच्या तासाला तिघांचे गृहपाठ आले आणि मी हादरलोच. इंग्रजी असं होतं की मी गुपचूप डिक्शनरी उघडली. तिन्ही निबंध ‘आजच्या गतिमान जगात’ असे सुरू होत होते. पँट कशी आखूड करावी, हा ताईंचा निबंधसुद्धा.

“ताई, हे तुमचे शब्द आहेत का?”

“नाही सर. माझे शब्द मी धाकट्या सरांना दिले. त्यांनी ते बदलून दिले.”

“पण मी स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगतो ना?”

“सर, रागावू नका,” टॅक्सीवाले मध्ये पडले. “पण तुमच्याकडे गृहपाठ दिला की लाल होऊन परत येतो. धाकटे सर आधी म्हणतात, फार सुंदर प्रयत्न. मग हळूच बदलतात. माणूस म्हणून चांगले आहेत.”

एवढ्या वर्षांत मला कोणी माणूस म्हणून चांगला म्हटलेलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या खोलीत बागकामवाले सर एका कुंडीला फोन दाखवत होते आणि फोन त्या कुंडीला पाणी कमी पडतंय असं मोठ्याने सांगत होता. त्यांचं नवं तंत्र सुरू झालं होतं आणि इथे मी गृहपाठावर भांडत बसलो होतो.

माझं जेवण कमी झालं. झोप उडाली. मग मॅनेजरसाहेबांचा दुसरा सल्ला आठवला आणि एका रविवारी, बायको बाजारात गेलेली असताना, मी हॉलमधल्या कॉम्प्युटरवर बसून धाकट्या सरांना सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, कारण त्याच्यापुढे मराठीत रडणं मला कमीपणाचं वाटलं. अधिकारी येतोय. वर्ग बंद होईल. संचालिका बाईंना लेखन कळत नाही, फक्त फोटो कळतो. ऑफिसात गेलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते. आणि बायकोला मी खोटं सांगितलंय, ती आनंदाने भांडी आवरतेय, आणि मला तिच्याकडे बघवत नाही. लिहायला सुरुवात केली ती मला थांबताच येईना. माझं एवढं लांब आणि एवढं सरळ इंग्रजी मीच कधी वाचलं नव्हतं.

त्याने फार समजूतदारपणे उत्तर दिलं. आधी म्हणाला, तुमचं मन मोकळं केलंत हे चांगलं झालं. मग म्हणाला, प्रात्यक्षिकाची तयारी आपण करूच, पण पहिली पायरी म्हणून बायकोला सांगा.

मी पहिली पायरी सोडून दुसरीवर गेलो. प्रात्यक्षिक कसं करायचं ते विचारून घेतलं, आणि उठताना त्याला अदबीने विनंती केली की हे आपल्यातच राहू द्या. तो म्हणाला, अवश्य. शेजाऱ्याच्या शब्दावर मी इतका विसंबलो नसतो.

पुढचा निबंध होता ‘माझ्या आयुष्यातला अवघड दिवस’. बेकरीवाल्यांच्या निबंधात टॅक्सीचा टायर फुटला. टॅक्सीवाल्यांच्या निबंधात मागच्या सीटवर बसून एका नवरदेवाची पँट आखूड करून झाली. ताईंची भट्टी विझली, आणि भर गर्दीच्या चौकात त्यांच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन पार पडलं.

“ताई, तुमच्या आईचं ऑपरेशन झालं?”

“नाही हो. ते बेकरीवाल्यांच्या आईचं. पण वाचताना मला रडू आलं, म्हणून मी राहू दिलं.”

मी तासाच्या शेवटी एकटाच कॉम्प्युटरपुढे बसलो आणि धाकट्या सरांना विचारलं, “मी कोण आहे असं तुम्हाला वाटतं?”

त्याने न अडखळता सांगितलं. मी एक विलक्षण कष्टाळू व्यक्ती आहे. मी पहाटे पाव भाजते, दिवसा टॅक्सी चालवते आणि उरलेल्या वेळात कपडे शिवते. माझा नवरा घोरतो. माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. एवढं करून मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते, आणि ती नोकरी जाईल या भीतीने पोखरली गेलेय, पण हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

खातं एक, म्हणजे त्याच्या लेखी माणूसही एकच होता. आम्ही चौघांनी जे जे सांगितलं ते सगळं त्याने एकाच डोक्यात भरून ठेवलं होतं, आणि त्यात माझं रविवारचं रडगाणंही होतं. स्टोअरकीपरकडे वेगळी खाती मागायला गेलो, तर ते म्हणाले, नवीन फर्निचरला मंजुरी यायला पुढचं वर्ष उजाडेल, आणि खुर्च्या कुठून आणणार?

मग मी विद्यार्थ्यांना चाचपू लागलो. “धाकटे सर माझ्याबद्दल कधी काही बोलतात का?” मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तिघांनी इतक्या एकदम “छे!” म्हटलं की मला बरं वाटायला हवं होतं. पण त्यानंतर विचित्र गोष्टी घडू लागल्या. बेकरीवाले रोज माझ्या टेबलावर गरम पाव ठेवू लागले. टॅक्सीवाले म्हणाले, सर, घरी सोडतो, आणि वाटेत मीटर पाडायला विसरले. टॅक्सीवाला मीटर विसरतो तेव्हा काहीतरी फार मोठं घडलेलं असतं. ताई तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सर, तुमची पँट कमरेला सैल झालीय. काढून द्या, मी आत घेते.” मी त्यावरून एवढाच निष्कर्ष काढला, की मी आजारी दिसतोय. त्यामुळे मला खरंच आजारी वाटू लागलं.

घरी एकच दिलासा होता. सुतार यायचा बंद झाला होता. कपाटांचे सांगाडे भिंतीला उभे होते, एकाला थोडं पॉलिश मारून झालं होतं, आणि पठ्ठ्या गायब. मी बायकोपुढे त्याच्यावर तोंडसुख घेत होतो. “हे लोक असेच! कामाची लाज म्हणून नाही!” आणि मनातल्या मनात त्याला दीर्घायुष्य चिंतत होतो. बायको कुकर सोफ्यावरून उचलायची, मला बसायला जागा करून द्यायची आणि माझ्याकडे बघत राहायची. मला वाटायचं, कपाटांचा विचार करत असेल.

अधिकारी आले तो दिवस उजाडला. मी ताईंनी आत घेतलेली पँट घातली आणि नंबर नसलेला सदरा. अधिकारी माझ्या भाच्याच्या वयाचे निघाले. त्यांनी आधी बागकामाचा वर्ग पाहिला. तिथून टाळ्या ऐकू आल्या. मग ते आमच्याकडे आले, मागच्या बाकावर बसले आणि म्हणाले, “हं, काका, करा सुरुवात.”

काका! मी ते गिळलं. संचालिका बाई फोन उभा धरून तयार होत्या. मी धाकट्या सरांनीच आखून दिलेल्या योजनेप्रमाणे कॉम्प्युटरपुढे गेलो, पासवर्ड टाकला, आणि पडद्यावर आलं की पासवर्ड चुकला. पुन्हा टाकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा टाकताना माझी बोटं एकमेकांवर चढली.

“स्टोअरकीपरना विचारा,” बाई दात न उघडता म्हणाल्या.

त्यांचा निरोप माझ्या टेबलावर पडला होता. वार्षिक साठा-मोजणी सुरू असल्यामुळे सर्व किरकोळ फर्निचर कुलूपबंद करण्यात आलं होतं. खुर्ची बंद करून काही उपयोग नाही, हे त्या गृहस्थांना नेमकं या वर्षी उमगलं, म्हणून त्यांनी पासवर्ड बदलून तिजोरीत ठेवला होता. स्वतः ते दाढ काढायला दवाखान्यात होते. मी फोन लावला. त्यांनी उचलला, हा त्यांचा सज्जनपणा. भूल दिलेल्या तोंडाने त्यांनी पासवर्ड सांगितलासुद्धा. त्यातून मला फक्त एवढंच कळलं की त्यांना फार दुखतंय.

खोलीत पंखा तेवढा फिरत होता. माझ्या मनात वर्ग बंद झाला, कुंड्या आत आल्या, सुतार परत आला आणि बायकोने विचारलं, मग मला नूतनीकरण झालं असं का सांगितलंत? मी फोन खाली ठेवला आणि अधिकाऱ्यांकडे वळून काहीतरी बोलणार, एवढ्यात ताई उभ्या राहिल्या.

“साहेब, धाकटे सर आज नाहीत. आम्ही हातानेच लिहितो. विषय द्या.”

अधिकाऱ्यांनी खांदे उडवले. “तुम्हाला नीट माहीत असलेल्या एखाद्या माणसाबद्दल लिहा.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मग काय आश्चर्य, तिन्ही माना खाली गेल्या आणि पेनं चालायला लागली. एकही पेन खाली ठेवलं गेलं नाही. मी सगळं विसरून बघत राहिलो. बाईंनी त्याचा फोटो घेतला.

“वाचा,” अधिकारी म्हणाले.

बेकरीवाल्यांनी सुरुवात केली. मोडकं, पण सरळ इंग्रजी. आमचे सर घाबरतात. वर्गात ते मोठे असतात. ऑफिसात गेल्यावर ते लहान होतात. सर म्हणतात की संचालिका बाईंना लेखन कळत नाही, फोटो कळतो. मी तसं म्हणत नाही. मला बाई आवडतात. त्या आमच्याकडून केक नेतात.

भुईने मला पोटात घेतलं तर बरं, असं मला वाटलं. बाईंचा फोन हळूहळू खाली आला.

मग ताई. सर घरी खोटं बोलले आहेत. ते वाईट नाहीत. ते फक्त लवकर बोलले. मीसुद्धा गिऱ्हाइकाला फोनवर सांगते की तुमची पँट तयार आहे. मग दार लावते आणि शिवायला बसते. तेव्हा माझे हात कापतात. सरांचे हात तसे कापतात.

मग टॅक्सीवाले. सर म्हणतात, स्वतःच्या शब्दांत लिहा. पण सर स्वतःच्या शब्दांत फक्त यंत्राशी बोलतात. माझ्या टॅक्सीत माणसं आरशात बघून रडतात आणि मला म्हणतात, काही नाही, धूळ गेली. मी धूळ म्हणतो. पण मला माहीत असतं.

माझी भर वर्गात अब्रू गेली होती आणि मला तिचं दुःख करायला वेळ मिळत नव्हता, कारण डोक्यात दुसरंच चाललं होतं. हे यांनी लिहिलं. आजच्या गतिमान जगात वगैरे काही नाही. माझ्या वर्गात कोणी इतकं चांगलं कधी लिहिलं नव्हतं, आणि त्यातला शब्द न् शब्द माझी शोभा करत होता. मला अभिमान वाटला. सरळ सांगायचं तर मी डोळे पुसले, आणि धूळ गेली म्हणालो.

“पण तुम्हाला हे सगळं सरांबद्दल कसं माहीत?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“साहेब, खात्यात डावीकडे जुन्या गप्पांची यादी राहते,” टॅक्सीवाले म्हणाले. “तिथे सरांचं लांबलचक इंग्रजी होतं. आम्ही तिघं बेकरीत बसून डिक्शनरी घेऊन वाचलं. अडलं की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदाच असं इंग्रजी सापडलं की पुढे काय झालं ते कळल्याशिवाय राहवेना.”

“आणि धाकट्या सरांना नाही विचारलं, अर्थ काय म्हणून?” अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं.

“छे,” ताई म्हणाल्या. “सरांची खाजगी गोष्ट. त्यांना कशाला सांगायची?”

अधिकारी मोठ्याने हसले. ते हसले म्हणून संचालिका बाईही हसल्या. मग अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे शेरा लिहिला, की या वर्गात यंत्राचा वापर अत्यंत संयमाने होत असून विद्यार्थी स्वतः लिहितात, वर्ग चालू ठेवावा. “मी वर कळवते,” बाई म्हणाल्या. जाताना मात्र त्या माझ्या खुर्चीपाशी थांबल्या, पाठीवरचा नंबर वाचला आणि म्हणाल्या, “फोटो बरे आले असतील, सर. तेवढं कळतं मला.” त्या वाक्याचे मला पुढे बरेच दिवस हप्ते भरावे लागणार आहेत.

पण जीव भांड्यात पडला होता. वर्ग राहिला. टॅक्सीवाल्यांनी मला घरी सोडलं आणि या वेळी मीटर पाडलं, त्यावरून मी ओळखलं की सगळं पूर्ववत झालंय. जिना चढताना मला चक्क शीळ घालावीशी वाटली. आता बायकोला काही सांगायची गरजच नव्हती. मी नूतनीकरण झालं म्हणालो होतो, ते झालं होतं, थोडं उशिरा. ताईंच्या गिऱ्हाइकाला कुठे कळतं?

बायको हॉलच्या खिडकीच्या पडद्यावरचा एक डाग घासत बसली होती. मी सोफ्यावर कुकरशेजारी टेकलो.

“आज फार छान झालं हं,” मी म्हणालो. “आणि त्या सुताराला फोन लाव. किती दिवस झाले. हे लोक असेच, कामाची लाज म्हणून...”

“सुताराला मीच थांबवलंय,” ती म्हणाली.

“का?”

“पडद्याला पॉलिशचा डाग पडला. कसा काढायचा ते विचारावं म्हणून कॉम्प्युटरवर बसले. तुमचा तो बॉट उघडाच होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या. आणि नोकरीचं बायकोला सांगितलंत का?”

ती डाग घासत राहिली.

“मी म्हटलं, बायको मीच आहे. तर म्हणाला, हे ऐकून आनंद झाला, मग आता तिच्याशी मोकळेपणाने बोला.” तिचा आवाज जरा हलला. “त्या दिवशीच सुताराला सांगितलं, जरा थांबा. कपाटांचं काय, होतील तेव्हा होतील. रोज म्हटलं, आज सांगाल. रोज कुकर उचलून जागा करून देत होते तुम्हाला.”

“अगं, पण आता सगळं ठीक झालंय,” मी घाईघाईने म्हणालो. “वर्ग राहिला! अधिकाऱ्यांनी शेरा लिहिला, वापर अत्यंत संयमाने...”

“अधिकाऱ्यांचं राहू द्या.” तिने पडदा बाजूला ठेवला, कुकर खाली जमिनीवर ठेवला आणि त्याच्या जागी येऊन बसली. “काय काय झालं ते पहिल्यापासून मला सांगा. तुमच्या शब्दांत.”

मी घसा साफ केला. आयुष्यभर मी लोकांना हेच करायला सांगत आलोय. मी तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि पहिल्याच वाक्याला अडलो. ती वाट बघत थांबली.